कळसूबाईला जाताय? मग दोन दिवस काढा आणि पायथा पण चाला

कळसूबाईचा प्लॅन बहुतेकांचा ठरलेला असतो. शनिवारी रात्री निघायचं, मध्यरात्री पायथ्याच्या बारी गावात उतरायचं, टॉर्च लावून रांगेत चढायचं, सूर्योदयाचे फोटो काढायचे आणि दुपारच्या आत परतीच्या गाडीत. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, १६४६ मीटर, ते सर होतं हे खरं, पण ज्या मुलखात ते उभं आहे तो मुलूख यात अजिबात दिसत नाही, आणि माझ्या मते तोच जास्त बघण्यासारखा आहे. म्हणून हे सगळं दोन दिवस काढून चालत फिरणाऱ्यांसाठी लिहितोय.

आधी पोचायचं कसं ते. मुंबईकडून येणाऱ्यांनी इगतपुरीला ट्रेनने किंवा कसाऱ्यापर्यंत लोकलने येऊन पुढे घोटी गाठायची, घोटीहून भंडारदरा-राजूरकडे जाणारा रस्ता बारीवरूनच जातो, त्यावर एसटी आणि शेअर जीप मिळतात. पुण्याकडून संगमनेर, अकोले, राजूर करत शेंडीमार्गे बारी. एसटीच्या वेळा आधी स्टँडवर विचारून घ्या आणि परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ तर नक्कीच विचारा, संध्याकाळनंतर या रस्त्यावर वाहन मिळेलच असं नाही.

शक्यतो शुक्रवारी किंवा मधल्या वारी या, आणि दुपारीच बारीत पोचा. गावात घरगुती जेवणाची आणि झोपायची सोय होते, फक्त आधी फोन करून किती माणसं ते सांगा म्हणजे मावशींना ऐनवेळी धावपळ होत नाही. बॅग टेकवली की लगेच झोपू नका, बारी आणि जहागीरदारवाडीच्या शेतांमधून तास-दोन तास नुसतं फिरा. जुलैत आलात तर खाचरांमध्ये भाताची आवणी चाललेली असते, गुडघाभर चिखलात अख्खं घर राबत असतं, आणि ऑक्टोबरच्या आसपास आलात तर उतारावर खुरासणी, म्हणजे कारळे, पिवळी धम्मक फुललेली असते, बाजूला नाचणी आणि वरई. इथे एकच गोष्ट पाळा, बांधावरून चालताना एका मागे एक चला आणि लावलेल्या खाचरात पाय टाकू नका. रस्ता चुकलात तर "मामा, वाट कुठून?" एवढं विचारलं तरी माणूस हातातलं काम ठेवून सांगायला येतो. हा महादेव कोळी आणि ठाकर लोकांचा मुलूख आहे, इंग्रजांविरुद्ध उठाव करणारे राघोजी भांगरे याच अकोले तालुक्यातल्या देवगावचे. देशी बियाणी जपण्यासाठी पद्मश्री मिळालेल्या राहीबाई पोपेरे पण याच तालुक्यात, कोंभाळण्याच्या.

रात्री लवकर झोपा आणि उजाडायच्या जरा आधी निघा. चढाई आठ-नऊशे मीटरची आहे, चालायची सवय असेल तर तीन तास, नसेल तर चार, उतरायला दोन ते तीन. सुरुवातीला गाव, ओढा, शेतं आणि मग देवीचं खालचं मंदिर लागतं, ज्यांना वर जाणं जमत नाही ते इथेच दर्शन घेतात. वाट मळलेली आहे, चुकण्याचा प्रश्न फारसा नाही. पण सावली कमी, वरच्या अर्ध्या भागात तर जवळजवळ नाहीच, म्हणून दहाच्या आत वर पोचलेलं बरं. पाणी माणशी तीन लिटर घ्या. वाटेत गावची मंडळी ताक, लिंबू सरबत, काकडी घेऊन बसलेली असतात, घ्या जरूर, पण सकाळी लवकर किंवा मधल्या वारी सगळी असतीलच असं धरून चालू नका.

वाटेतल्या लोखंडी शिड्यांची लोकांना उगाच भीती वाटते, कोरड्या असताना त्या अगदी नीट चढता येतात, बाजूला कठडे आहेत. काठी, मोबाईल बॅगेत टाका आणि दोन्ही हात मोकळे ठेवा. उतरताना उभी शिडी आली तर तोंड शिडीकडे करून उतरा. समोरून माणसं येत असतील तर शिडीवर न जाता आधीच थांबा, मध्ये गाठ पडली की दोघांचीही पंचाईत. पावसाळ्यात लोखंड निसरडं होतं आणि धुक्यात चार पायऱ्यांपुढचं दिसत नाही, तेव्हा घाई करायची नाही आणि गर्दी टाळायला बाजूच्या कातळावरून तर अजिबात जायचं नाही. विजा कडाडायला लागल्या, म्हणजे मे-जून आणि ऑक्टोबरच्या दुपारी, तर शिखर आणि शिड्या दोन्ही टाळा, वर पोचायला दहा मिनिटं राहिली असतील तरी मागे फिरा. आणि कड्यांवर आग्या मोहोळं असू शकतात, त्यामुळे परफ्यूम मारून येऊ नका, धूर करू नका, आरडाओरडा करू नका.

वर देवीचं छोटंसं मंदिर आहे. कथा अशी सांगतात की कळसू नावाची मुलगी भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही या अटीवर पाटलाच्या घरी कामाला राहिली, एकदा तिला ते करायला लावलं तेव्हा ती चिडून डोंगरावर निघून गेली आणि तिथेच राहिली. नवरात्रात इथे मोठी गर्दी होते, तेव्हा ट्रेक म्हणून यायचं असेल तर ते दिवस सोडा, दर्शनाला यायचं असेल तर मात्र तेच दिवस. वारा भणाणा असतो, घामाचा शर्ट बदला आणि वरून एक विंडचीटर चढवा. मग निवांत बसून ओळखायला लागा, पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग हे त्रिकूट, दक्षिणेला भंडारदऱ्याचं पाणी आणि त्यामागे रतनगडाचा खुटा, म्हणजे सुळका, पूर्वेला बितनगड, पट्टा, औंढा. नोव्हेंबर ते जानेवारी हवा स्वच्छ असली की हरिश्चंद्रगडापर्यंत नजर जाते. सोबत छापील नकाशा असेल तर हा एक तास पूर्ण वसूल होतो.

चढाईनंतरचा दिवस भंडारदऱ्याच्या जलाशयाभोवती द्या. धरणाची भिंत, म्हणजे विल्सन डॅम, १९२६ मध्ये पूर्ण झाली, ती प्रवरेवर आहे. शेंडीहून निघून मुतखेल, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे करत परत शेंडीला येणारा रस्ता अख्ख्या पाण्याला वळसा घालतो. सगळा एका दिवसात पायी होत नाही, म्हणून गाडीने रतनवाडीला जा आणि तिथे चाला. अमृतेश्वराचं दगडी मंदिर आणि त्याची पुष्करणी नीट वेळ काढून बघा, बाहेरच्या भिंतीवरचं कोरीवकाम बघायला सकाळचं ऊन चांगलं. ज्यांच्या पायात अजून दम आहे त्यांनी मंदिरामागून रतनगडाच्या वाटेवर जंगल लागेपर्यंत तरी जाऊन यावं, कळसूबाईवर न मिळालेली सावली इथे भरपूर मिळते. साम्रदची सांधण घळ मात्र पावसाळ्यात नको म्हणजे नको, वर पाऊस झाला की घळीत पाणी घुसतं आणि दोन्ही बाजूंना उभ्या भिंती, बाहेर पडायला जागाच नाही. कोरड्या दिवसात गावातला वाटाड्या घेऊन जा.

मे अखेर ते पहिला पाऊस या दिवसात काजव्यांसाठी इथे तुफान गर्दी होते. गेलात तर गाडीचे हेडलाईट बंद करा, टॉर्च झाडांवर मारू नका, काजवे हातात धरू नका आणि झाडाखाली तुडवातुडवी करू नका, कारण माद्या बऱ्याचदा खालीच गवतात आणि पाल्यात असतात.

हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, १९८६ सालापासून. वनखात्याच्या नाक्यावर पावती घ्या आणि परत येईपर्यंत खिशात ठेवा. चूल पेटवायची नाही, स्पीकर लावायचा नाही, दारू न्यायची नाही. प्लास्टिक जेवढं नेलं तेवढं परत आणायचं, आणि गावातल्या कचराकुंडीत पण टाकू नका, ते तिथून उचलून नेण्याची सोय गावाकडे नसते, सरळ आपल्या शहरात घेऊन जा. जेवण, वाटाड्या, राहणं हे गावातल्याच माणसांकडून घ्या आणि ठरलेल्या पैशात घासाघीस करू नका. निघताना मावशींकडे तांदूळ किंवा हिरडा मिळतोय का ते विचारा, घरचा असला तर देतात.