जनरेटर प्रोटेक्शन: आधी काय ट्रिप करायचं ते ठरवा, सेटिंग नंतर

पॉवर स्टेशनला नवीन लागलेली पोरं टेस्टिंगला आली की पहिल्याच आठवड्यात रिलेचे, म्हणजे फॉल्ट ओळखून ट्रिपचा (मशीन तोडायचा) हुकूम देणाऱ्या उपकरणांचे, नंबर पाठ करतात, ८७ डिफरेन्शियल, ४० फील्ड जाणं, ४६ अनबॅलन्स, ६४ अर्थ फॉल्ट, पण फॉल्ट आल्यावर नेमकं काय उघडलं पाहिजे आणि कशानंतर, हे विचारलं की गप्प. म्हणून इथे उलट्या बाजूने सांगतो. उदाहरणाला आपलं नेहमीचं २१० मेगावॅटचं मशीन घेऊ, १५.७५ केव्ही, २४७ एमव्हीए, फुल लोडला साधारण ९०५० अँपिअर, ३००० आरपीएम. चंद्रपूर, एकलहरे, कुठेही गेलात तरी हा साईज भेटतोच.

आधी सगळे फॉल्ट तीन गटांत टाका. स्टेटरमध्ये (स्थिर वाइंडिंग), रोटरमध्ये (फिरणारा भाग) किंवा जीटीमध्ये (जनरेटर ट्रान्सफॉर्मर) इलेक्ट्रिकल फॉल्ट असेल तर क्लास ए, म्हणजे एचव्ही ब्रेकर (ग्रिडकडचा), फील्ड ब्रेकर (रोटरच्या वाइंडिंगचा पुरवठा तोडणारा) आणि टर्बाईन सगळं एकदम. नुसता ब्रेकर उघडून भागत नाही, कारण आतला फॉल्ट मशीन स्वतःच फीड करत राहतं, आणि फील्ड ब्रेकर उघडल्यावरसुद्धा फ्लक्स मरायला काही सेकंद लागतात. टर्बाईन किंवा बॉयलरकडचा मेकॅनिकल प्रॉब्लेम असेल तर क्लास बी, आधी स्टीम बंद, मग पॉवर पडल्याची खात्री, आणि ब्रेकर सगळ्यात शेवटी. फॉल्ट बाहेर ग्रिडमध्ये असेल तर क्लास सी, फक्त एचव्ही ब्रेकर उघडतो आणि जमलं तर युनिट हाऊस लोडवर, म्हणजे स्वतःच्याच पंप-पंख्यांच्या लोडवर, टिकतं.

क्लास बी चा क्रम का महत्त्वाचा तर स्टॉप व्हॉल्व्ह बंद झाल्याचा लिमिट स्विच खोटं बोलू शकतो. व्हॉल्व्ह थोडा अडकलेला असताना ब्रेकर उघडला की लोड गेला, स्टीम चालूच, आणि रोटर पळत सुटतो, मग ११० टक्क्याच्या आसपासची ओव्हरस्पीड ट्रिप हाच शेवटचा आधार. म्हणून बाहेर जाणारी पॉवर जवळपास शून्यावर आली की कळवणारा लो फॉरवर्ड पॉवर रिले, सेटिंग साधारण ०.५ टक्के म्हणजे आपल्या मशीनला जेमतेम १ मेगावॅट, टर्बाईन ट्रिपच्या काँटॅक्टसोबत दोनेक सेकंदांचा टायमर. एवढी छोटी पॉवर मोजायची तर सीटी (करंट मोजणारा ट्रान्सफॉर्मर) मीटरिंग क्लासचा द्या, प्रोटेक्शन सीटीच्या अँगल एररमध्ये १ मेगावॅट कुठेच हरवतो.

आता स्टेटर अर्थ फॉल्ट, यावर वेळ घालवा कारण इथेच गैरसमज जास्त. न्यूट्रल, म्हणजे तिन्ही फेजची वाइंडिंग जुळतात तो बिंदू, हा ग्राउंडिंग ट्रान्सफॉर्मर आणि सेकंडरीच्या रेझिस्टरमधून अर्थ केलेला असतो, त्यामुळे फॉल्ट करंट १० अँपिअरच्या आसपास राहतो आणि कोअर वितळत नाही. पण ८७जी, म्हणजे वाइंडिंगच्या दोन टोकांचे करंट ताडणारं जनरेटर डिफरेन्शियल, याचे सीटी १०००० बाय ५ चे, पिकअप (रिले काम करू लागतो ती पातळी) १० टक्के धरला तरी १००० अँपिअर प्रायमरी झाले, त्याला हे १० अँपिअर दिसणारच नाहीत! डिफरेन्शियल फेज टू फेज फॉल्टसाठी आहे, अर्थ फॉल्टसाठी न्यूट्रलचं व्होल्टेज बघा. टर्मिनलला फॉल्ट झाला तर न्यूट्रलला पूर्ण फेज व्होल्टेज येतं, ९.०९ केव्ही, ग्राउंडिंग ट्रान्सफॉर्मर १५७५० बाय २४० असेल तर सेकंडरीला १३८ व्होल्टच्या पुढे, म्हणजे ५ टक्क्याचं सेटिंग ७ व्होल्टच्या जवळ. यात ९५ टक्के वाइंडिंग कव्हर होतं, न्यूट्रलजवळचं ५ टक्के राहतं. त्यासाठी थर्ड हार्मोनिक (मशीनमध्ये आपोआप तयार होणारं १५० हर्ट्झचं व्होल्टेज) किंवा २० हर्ट्झचं इंजेक्शन (बाहेरून सोडलेला छोटा सिग्नल). थर्ड हार्मोनिक लावणार असाल तर सेटिंग कॅटलॉगमधून उचलू नका, वेगवेगळ्या लोडला मोजून घ्या कारण ते लोडप्रमाणे बदलतं. माझं मत विचाराल तर पैसे असतील तर इंजेक्शनच घ्या, मशीन बंद असतानासुद्धा ते बघत राहतं.

रोटरला फील्ड वाइंडिंग अर्थपासून मोकळं असतं त्यामुळे पहिल्या अर्थ फॉल्टने काही बिघडत नाही, दुसऱ्याने मात्र वाइंडिंगचा तुकडा बायपास होतो, चुंबकीय ओढ एका बाजूला जाते आणि व्हायब्रेशन उसळतं. बरेच जण पहिल्यावर फक्त अलार्म ठेवतात, तसा ठेवला तर युनिट केव्हा थांबवायचं हे आधीच लिहून ठेवा, रात्रपाळीच्या माणसावर ढकलू नका.

फील्ड गेलं तर मशीन ग्रिडमधून रिॲक्टिव्ह पॉवर ओढत इंडक्शन जनरेटरसारखं चालतं. त्याला ४० नंबर, त्याच्या इम्पिडन्सच्या वर्तुळाचा ऑफसेट एक्सडी डॅशच्या (ट्रान्झियंट रिॲक्टन्स) निम्मा, व्यास एक्सडी (सिंक्रोनस रिॲक्टन्स), आणि पॉवर स्विंगला (ग्रिडमधले पॉवरचे हेलकावे) फसू नये म्हणून थोडा टायमर. अनबॅलन्सला ४६, रोटरच्या पृष्ठभागावर १०० हर्ट्झचा करंट फिरून तो तापतो, मशीनचा आय टू स्क्वेअर टी (निगेटिव्ह सिक्वेन्स, म्हणजे अनबॅलन्सच्या करंटचा वर्ग गुणिले सेकंद, ही सोसण्याची मर्यादा) १० असेल आणि निगेटिव्ह सिक्वेन्स ०.५ पर युनिट, म्हणजे फुल लोडच्या निम्मा, आला तर हातात ४० सेकंद. पीटीचा (व्होल्टेज मोजणारा ट्रान्सफॉर्मर) फ्यूज उडाला की ४० आणि इम्पिडन्स रिले उगाच ट्रिप देतात, म्हणून व्होल्टेज बॅलन्स रिलेने त्यांना ब्लॉक करा.

मेकॅनिकल बाजू रिले पॅनलवर दिसत नाही म्हणून टेस्टिंगवाले तिकडे फिरकत नाहीत, हे चुकीचं. सील ऑइलचं (शाफ्टपाशी हायड्रोजन अडवणारं तेल) प्रेशर मशीन थंड ठेवणाऱ्या हायड्रोजनपेक्षा कायम जास्त, स्टेटर वॉटरचं (वाइंडिंग थंड ठेवणारं पाणी) कायम कमी, म्हणजे पाणी वाइंडिंगवर गळणार नाही. हायड्रोजन हवेत ४ ते ७५ टक्के असेल तर पेटतो, त्यामुळे प्युरिटी ९७ च्या वर आणि भरताना-काढताना मध्ये कार्बन डायऑक्साइड. नरोरा अणुवीज केंद्रात ३१ मार्च १९९३ ला युनिट १ च्या टर्बाईनची दोन पाती तुटली, व्हायब्रेशनने हायड्रोजनचे सील गेले, आग लागली, केबल जळाल्या आणि अख्खं युनिट अंधारात गेलं. तेव्हा व्हायब्रेशनची ट्रिप बायपास करायची फाईल कोणी पुढे सरकवली तर सही करायच्या आधी हे आठवा. डीसी सील ऑइल पंपही दर आठवड्याला चालवून बघा.

ओव्हरहॉलनंतर सिंक्रोनाइझ करायच्या आधी शॉर्ट सर्किट रन घ्या, तीन फेजला लिंक लावून फील्ड हळूहळू वाढवा आणि ८७जी चा डिफरेन्शियल करंट शून्याजवळ आहे का बघा, सीटीची पोलॅरिटी उलटी असेल तर इथेच कळते. लिंक काढून ओपन सर्किट रन, त्यात पीटी आणि थर्ड हार्मोनिक. आणि लॉकआऊट रिले (सगळ्या ट्रिप एकदम देणारा) नुसता पडला म्हणून टिक मारू नका, दोन्ही डीसी सोर्स एकेक करून बंद करा आणि एचव्ही ब्रेकर, फील्ड ब्रेकर, टर्बाईनचा सोलेनॉइड खरंच पडतात ते उभं राहून बघा.