शैक्षणिक कर्ज काढताय? आधी उत्पन्नाचा दाखला काढा

माझी दोन मुलं आणि सोसायटीतली चार-पाच पोरं, इतक्या जणांच्या शैक्षणिक कर्जाचे अर्ज मी भरून दिलेत. तेव्हा स्पष्टच सांगते, ‘सरकारी कर्ज’ असलं तरी पैसे बँकच देते. सरकार काहींचं व्याज भरतं आणि ठरावीक कर्जाला हमी देतं. ‘वरपर्यंत ओळख आहे’ म्हणणाऱ्या एजंटाला चहासुद्धा पाजू नका.

प्रवेशपत्र आणि फीचा तक्ता हातात आला की केंद्र सरकारच्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेच्या पोर्टलवर अर्ज भरा. आपलं कॉलेज योजनेच्या यादीत आहे ना, तेवढं बघा. अर्ध्या तासाचं काम.

घोडं अडतं ते उत्पन्नाच्या दाखल्यावर. यादीतलं कॉलेज आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल, तर 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षण चालू असताना आणि पुढे एक वर्ष व्याजात 3 टक्के सवलत मिळू शकते. हा सगळा हिशोब तहसीलदारांच्या सहीच्या एका कागदावर उभा असतो.

‘आपले सरकार’ पोर्टलवर किंवा सेतू केंद्रात अर्ज करताना पहिला प्रश्न तालुक्याचा. नवी मुंबईत इथेच फसगत होते. ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे तालुक्यात. खारघर, कामोठे, कळंबोली मात्र पनवेल तालुक्यात, म्हणजे जिल्हाच रायगड. नणंद खारघरला राहते. तिच्या मुलाचा अर्ज मी नेरूळच्या सवयीने ‘ठाणे’ टाकून भरला. तो परत आला, आणि तोवर फीची तारीख डोक्यावर. नणंद अजून ऐकवते.

दुसरी चूक घाईची. शहाणपणा म्हणून फेब्रुवारीत दाखला काढाल, तर तळाची बारीक ओळ वाचा: 31 मार्चपर्यंत वैध. जूनमध्ये तो रद्दी. एप्रिल उजाडल्यावर काढा. एका वर्षाचा हवा की तीन वर्षांचा, हे बँकेत आधी विचारा.

तिसरी गोष्ट लपवाछपवीची. बाबांचा फॉर्म 16 जोडतात आणि आईच्या पगाराचा उल्लेखच नाही! कुटुंबाचं उत्पन्न म्हणजे दोघांचं. बँक दोघांचं पॅन मागते, मग स्वयंघोषणापत्रात खोटं कशाला लिहायचं?

नावाचं स्पेलिंग आधार, बारावीची गुणपत्रिका आणि दाखल्यावर एकच ठेवा.

बाकी बँकेत फारसं काही नाही. 4 लाखांपर्यंतच्या कर्जात सहसा खर्चातला स्वतःचा हिस्सा भरावा लागत नाही. साडेसात लाखांच्या आत कोणी घराचे कागद तारण मागितले, तर ‘तसं लेखी द्या’ म्हणा. आणि कर्ज मंजूर झालं म्हणून पेढे वाटायच्या आधी पोर्टलवर पुन्हा लॉगिन करा. व्याजसवलतीचा अर्ज वेगळा भरावा लागतो, तो आपोआप लागत नाही.