पायाच्या शिरांचं दुखणं: घरी पेशंटचं कसं करायचं

संध्याकाळी पाय सुजून जड होतात, घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळपट पडलीय आणि तिथलीच जखम महिनोन्महिने भरत नाहीये, असा पेशंट घरी असेल तर बहुतेक वेळा भानगड शिरांची असते. शिरांमधल्या झडपा निकामी झाल्या की हृदयाकडे जायचं रक्त खालीच तुंबतं, त्यामुळे नुसती मलमं बदलून काही होत नाही, आधी सूज उतरवायला लागते आणि ते काम प्रेशरच्या मोज्यांचं.

पण मोजे परस्पर मेडिकलमधून आणू नका. आधी डॉक्टरांकडून डॉपलर (पायातला रक्तप्रवाह बघायची तपासणी) करून धमन्या ठीक आहेत ना ते बघून घ्या, डायबेटिस किंवा तंबाखू-बिडी असेल तर नक्कीच, कारण धमनीतूनच रक्त कमी येत असेल तर घट्ट मोज्याने पायाचं वाटोळं होऊ शकतं.

माप सकाळीच द्यायचं, आणि मोजा रोज सकाळी पलंगावरून पाय खाली टेकायच्या आधी घालायचा. चहा-आंघोळ उरकून घालू म्हणाल तर तोवर पायात सूज आलेली असते, मग तो चढता चढत नाही आणि पेशंट वैतागतो (आंघोळ रात्री घाला ना, काय बिघडतं). मोजा टाचेपर्यंत उलटा करा, आधी पाऊल नीट बसवा, मोज्याची टाच टाचेवरच आली पाहिजे, मग थोडा थोडा वर सरकवा. भांडी घासायचे रबरी ग्लोव्हज घातले तर पकड चांगली येते. गुडघ्याच्या दोन बोटं खाली थांबायचं आणि वरचा काठ दुमडायचा नाही, तिथे दोरी आवळल्यासारखं होतं. बोटं निळी-पांढरी पडली, बधिर झाली की लगेच काढा. साधारण सहा महिन्यांत इलॅस्टिक ढिलं पडतं, मग नवी जोडी घ्यायची.

जखम सलाईनने धुवा. हळद, स्पिरिट, शेजारच्या काकूंनी दिलेला पाला, काहीही लावू नका, ही कातडी लगेच चिडते. आजूबाजूला साधं व्हॅसलीन पुरतं.

दिवसातून 3-4 वेळा अर्धा तास पाय छातीपेक्षा उंच हवेत, म्हणजे आडवं होऊन खाली उशा, खुर्चीत बसून स्टुलावर पाय ठेवणं ह्यात धरायचं नाही. हार्टचा त्रास असेल तर हे आधी विचारून. बाकी वेळ चालू द्या, बसल्या बसल्या घोटे वर-खाली हलवायला लावा, पोटरीच रक्त वर ढकलते.

एकच पाय अचानक सुजला, गरम लागला, पोटरी दुखतेय तर तेल लावून चोळत बसू नका, शिरेत रक्ताची गाठ असू शकते, त्याच दिवशी डॉक्टर. दम लागला किंवा छातीत दुखलं तर सरळ हॉस्पिटल. आणि फुगलेली शीर फुटून रक्त उडायला लागलं तर पेशंटला चालवत बाथरूममध्ये नेऊ नका, आहे तिथेच आडवं करा, पाय उंच धरा, स्वच्छ कापडाने 10 मिनिटं घट्ट दाबून ठेवा, मधेमधे उचलून बघायचं नाही, आणि थांबत नसेल तर दाब तसाच ठेवून 108 ला फोन.