जरीच्या गाळ्यात लहान मूल दिसलं तर

मी धारावीत ब्लाऊज शिवते. जरीकाम करून घ्यायला गाळ्यांत जावं लागतं. अड्ड्याभोवती, म्हणजे कापड ताणून बसवलेल्या लाकडी चौकटीभोवती, मांडी घालून आरी (जरीकामाची आकड्याची सुई) चालवणारी, बिहारहून आलेली मुलं मी तिथेच पाहिली. पहिल्यांदा मी मालकावर ओरडले. दुसऱ्या दिवशी पोटमाळा रिकामा! मुलं कुठे हलवली, कधीच कळलं नाही. म्हणून आधी हे सांगते: तिथे काही बोलू नका.

गल्ली, गाळा, मजला, मुलं किती, कामाची वेळ, रात्री तिथेच झोपतात का, एवढं लक्षात ठेवा. बाहेर पडून १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन लावा. फोन फुकट आहे, दिवसरात्र चालतो. फोटो पसरवू नका. मुलाची ओळख उघड करणं हाही गुन्हा आहे.

मालक म्हणेल, "भाचा आहे माझा." खरा भाचा असला, तरी १४ वर्षांखालच्या मुलाला घरच्या धंद्यात फक्त शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत हात लावता येतो, आणि तोही धोक्याचं काम नसेल तरच. भर दुपारी, शाळेच्या वेळी अड्ड्यावर बसवलेलं मूल त्यात बसत नाही. आईबापाला उचल दिली असं कानावर आलं तर तेही आवर्जून सांगा, कारण मग १९७६ चा वेठबिगारीविरोधी कायदाही लागू शकतो.

सोडवलेल्या मुलाला २४ तासांत बालकल्याण समितीपुढे नेतात. दोन दिवसांनी पुन्हा फोन करून विचारा. मी विचारते.