कोलेस्टेरॉलसाठी फायबर: कोंडा नको, बुळबुळीत हवं

कोंडा खाल्ला, पोट साफ व्हायला लागलं, पण रिपोर्टमधलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, जागचं हललं नाही, ही नेहमीची तक्रार. गव्हाचा कोंडा पाण्यात विरघळत नाही. बद्धकोष्ठतेवर उत्तम, कोलेस्टेरॉलवर जवळजवळ निरुपयोगी. इथे हवं पाण्यात फुगून बुळबुळीत होणारं फायबर. ते आतड्यात पित्ताम्लं (यकृत कोलेस्टेरॉलपासून बनवतं ती, चरबी पचवणारी द्रव्यं) धरून ठेवतं आणि शौचावाटे बाहेर नेतं. मग नवी पित्ताम्लं बनवण्यासाठी यकृत रक्तातलं एलडीएल ओढून घेतं.

ओट्स किंवा जवातलं असं फायबर, म्हणजे बीटा-ग्लुकन, रोज 3 ग्रॅम पोटात जायला हवं. म्हणजे कोरडे ओट्स साधारण 75 ग्रॅम, किंवा ओट्सचा कोंडा 40 ग्रॅम. (हा कोंडा मात्र चालतो!) साखर घातलेली तयार पाकिटं टाळलेली बरी. इसबगोल घेणार असाल, तर सालपट दिवसाला 9 ते 10 ग्रॅम. त्यात विरघळणारं फायबर सुमारे 7 ग्रॅम असतं. चमच्याच्या अंदाजावर जाऊ नका, वजन करा: सालपट हलकं असतं, त्याची पूड भरते जड. कडधान्यं, सफरचंद, संत्री यांची भर पडतेच.

पहिल्या दिवसापासून पूर्ण मात्रा घेतली की पोट फुगतं, गॅस होतो आणि आठवड्यात सगळं बंद पडतं. म्हणून पहिला आठवडा इसबगोल 3 ग्रॅम, एकदाच. दुसऱ्या आठवड्यात दोनदा, मग तीनदा, जेवणाच्या वेळी. प्रत्येक वेळी पेलाभर, म्हणजे 250 मिली पाण्यात ढवळून लगेच प्या. ठेवलंत तर खळ होते. कोरडं तर कधीच तोंडात टाकू नका, घशात अडकतं. पाणी कमी पडलं तर उलट बद्धकोष्ठता वाढते. गिळायला त्रास असेल किंवा आतड्यात अडथळा झाला असेल, तर इसबगोल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

इतर गोळ्या आणि इसबगोल यांत किमान 2 तासांचं अंतर ठेवा, थायरॉइडच्या गोळीला 4 तास. नाहीतर औषध नीट शोषलं जात नाही.

लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) 6 ते 8 आठवड्यांनी करा. एलडीएल साधारण 5 ते 10 टक्के उतरतं. 160 असेल तर 8 ते 16 अंकांनी. ट्रायग्लिसराइडवर (रक्तातली दुसरी चरबी) फारसा परिणाम दिसत नाही. आकडा उतरला म्हणून स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) आपल्या मनाने बंद करू नका, आणि फायबर सोडलं की एलडीएल पुन्हा चढतं.