गोल्फचा स्विंग सोपा करताना या चुका टाळा

‘स्विंग नॅचरल ठेव’ असं रेंजवर (सरावाच्या मैदानावर) कोणीतरी सांगतं आणि गोंधळाला तिथूनच सुरुवात होते. पहिल्या दिवशी हाताला जे बरं वाटतं तेच नॅचरल, अशी समजूत करून घेतली जाते. पण हाताला बरं वाटते ती सवय, आणि आपल्याकडे ती बहुधा क्रिकेटची असते. सोपा स्विंग म्हणजे क्लब (गोल्फची काठी) खाली येताना ज्यात काही सावरावं लागत नाही असा स्विंग. क्लब चेंडूला चिकटून राहतो तो सेकंदाचा जेमतेम दोन हजारावा भाग. तेवढ्यात कोणी काही सावरू शकत नाही. म्हणून चूक शोधायची ती चेंडू मारण्याच्या आधी: उभं कसं राहिलात आणि क्लब कसा धरलात यात.

(पुढचं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहे. डावखुऱ्यांनी बाजू उलट्या करून वाचावं.)

चेंडू उजवीकडे जातो म्हणून डावीकडे नेम धरणं

स्लाइसने (चेंडू हवेत उजवीकडे वळण्याने) हैराण झालेला माणूस हा उपाय हमखास करतो, आणि त्याने दुखणं वाढतं. चेंडू सुरुवातीला निघतो तो मुख्यतः क्लबचा फेस (चेंडूला लागणारी सपाट बाजू) जिकडे पाहत असेल तिकडे. पुढे तो किती वळणार, हे फेसची दिशा आणि क्लब फिरण्याची दिशा यांत किती फरक आहे त्यावर ठरतं. डावीकडे तोंड करून उभं राहिलं की क्लब आणखी डावीकडे ओढला जातो, फेस मात्र झेंड्याकडेच राहतो. फरक वाढला, की स्लाइसही वाढला. मग पुढच्या चेंडूला आणखी डावीकडे नेम. शेजारच्या फेअरवेकडे (खेळायच्या गवताच्या पट्ट्याकडे) खांदे करून उभे राहणारे जुने मेंबर कुठल्याही गोल्फ क्लबात सापडतात, त्यांची सुरुवात अशीच झालेली असते.

इलाज बहुतेक वेळा डाव्या हातात असतो. क्लब तळहातावर आडवा धरला तर मनगट जखडतं आणि फेस उघडा राहतो. तो बोटांच्या मुळांशी धरायचा. पवित्रा घेऊन खाली पाहिलं की डाव्या मुठीचे दोन ते तीन उंचवटे दिसले पाहिजेत. एकच दिसत असेल तर मूठ जरा उजवीकडे वळवा. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली खाच उजव्या खांद्याच्या दिशेला आली की झालं. सुरुवातीला हे फार विचित्र वाटेल, चेंडू डावीकडेही जातील. तरी लगेच जुन्या ग्रिपकडे वळू नका. उजवी करंगळी डाव्या तर्जनीत अडकवायची की तिच्यावर ठेवायची, या वादात मात्र वेळ घालवू नये. जॅक निकलॉस आणि टायगर वूड्स करंगळी अडकवतात, कितीतरी मोठे खेळाडू ती वर ठेवतात.

आता जोराबद्दल. क्रिकेट खेळलेल्यांचा उजवा हात गप्प बसत नाही. चेंडू समोर स्थिर आहे, कोणी टाकणार नाही, त्यामुळे वाट पाहता पाहता मूठ आणखी आवळत जाते आणि ताण कोपरापर्यंत चढतो. घट्ट मूठ आणि रेंजची कडक मॅट यांची जोडी कोपराच्या आतल्या बाजूला दुखणंही लावते. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी क्लबवरून उचलून अर्धे स्विंग मारून पाहा. जोर करणारी बोटंच बाजूला झाली, की क्लबचं वजन पहिल्यांदा जाणवायला लागतं.

चेंडू हवेत उचलायला जाणं

माझ्या मते ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. चेंडू जमिनीवर आहे आणि तो वर जायला हवा, म्हणून शरीर आपोआप मागे झुकतं आणि मनगटं खालून वर पळी चालवल्यासारखी फिरतात. कधी क्लब चेंडूच्या आधी मातीत जातो, कधी चेंडूच्या डोक्यावर घासून तो गवतातून सरपटत निघतो. दोन्ही फटके वेगळे दिसतात, मूळ एकच. वर नेण्याचं काम क्लबच्या लॉफ्टचं (फेसच्या तिरकेपणाचं) आहे. सेव्हन आयर्नचा (आयर्न म्हणजे पातळ धातूच्या डोक्याचा क्लब) लॉफ्ट साधारण 30 ते 34 अंशांच्या आसपास असतो, तो पुरेसा आहे. आयर्नच्या फटक्यात स्विंगचा सर्वांत खालचा बिंदू चेंडूच्या पुढे यायला हवा: आधी चेंडू, मग गवत.

तपासायला सोपं आहे. गवतावर खडूने किंवा चुन्याने रेघ मारा, चेंडू न ठेवता स्विंग करा, आणि गवत कुठून निघतंय ते पाहा. रेघेच्या मागून निघत असेल तर वजन उजव्या पायावरच राहिलंय. मॅटवर ही परीक्षा घेऊ नका, मॅट खोटं बोलते. क्लब चेंडूच्या आधी आपटला तरी तिच्यावरून घसरून चेंडूपर्यंत पोचतो आणि फटका चांगला बसल्यासारखा वाटतो. मग रेंजवर सरळ मारणारा माणूस कोर्सवर माती उडवत बसतो. मॅटवरच सराव करायचा असेल तर चेंडूच्या मागे वीतभर अंतरावर घडी घातलेला नॅपकिन ठेवा. क्लब त्याला लागता कामा नये.

‘डोकं खाली ठेव’

चेंडू सरपटला की कॅडी म्हणणार, ‘सर, हेड अप झालं.’ बिचाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण दुखण्याचं निदान बहुतेक वेळा चुकतं. डोकं वर आलं ते छाती उठली म्हणून, आणि छाती उठली ती चेंडू उचलायला गेलात म्हणून. डोकं बळजबरीने खाली रोखलं की खांदे फिरायचे थांबतात, वजन मागे अडकतं आणि कंबर धरते. स्वीडनची अॅनिका सोरेनस्टॅम तर चेंडू लागायच्या आधीच डोकं लक्ष्याकडे वळवायची, आणि तिने 10 मेजर (गोल्फच्या सर्वांत मोठ्या स्पर्धा) जिंकल्या. डोकं वळलं तर वळू द्या. उंची टिकवा.

दुसऱ्याचा स्विंग तुकड्यांनी उचलणं

‘सिंगल प्लेन’ (हात आणि क्लब जवळपास एका रेषेत ठेवून केलेल्या) स्विंगचे व्हिडिओ पाहून अनेकांना वाटतं, हाच तो सोपा मार्ग. कॅनडाचा मो नॉर्मन या पद्धतीने विलक्षण सरळ मारायचा. ब्रायसन डिशाम्बो त्याच धाटणीने, सगळी आयर्न एकाच लांबीची ठेवून, 2020 आणि 2024 मध्ये यूएस ओपन जिंकला. पण नॉर्मनचे पाय रुंद असायचे, चेंडू लांब, हात पुढे ताणलेले, हात आणि क्लब जवळपास एका रेषेत. हे सगळं एकमेकांवर उभं आहे. त्यातला फक्त ताणलेला हात घ्यायचा, ग्रिप स्वतःची आणि बॅकस्विंग तिसऱ्याच्या रीलमधून, असं केलं तर हाती काहीच लागत नाही.

त्यापेक्षा स्पेनच्या जॉन राहमकडे पाहा. उजव्या पायाच्या जन्मजात दोषामुळे त्याचा घोटा पुरेसा वळत नाही, म्हणून बॅकस्विंग आखूड. तेवढ्यावर त्याने 2021 ची यूएस ओपन आणि 2023 ची मास्टर्स जिंकली. चाळिशीत खेळ सुरू करणाऱ्याची कंबर विशीतल्या पोराइतकी वळणार नाही. ती जिथवर जाते तिथेच बॅकस्विंग थांबवा. त्यापुढे नेण्याच्या हव्यासात डावा कोपर दुमडतो, आणि खाली येताना तो सरळ करण्याची कसरत करावी लागते.

बाकी काही

पाय जुळवून, सेव्हन आयर्नने, निम्म्या जोरात मारा. तोल जात असेल तर हात शरीराच्या पुढे पळताहेत. प्रत्येक फटक्यानंतर चेंडू पडेपर्यंत डाव्या पायावर उभं राहता आलं पाहिजे.

मोबाइलवर शूटिंग करताना कॅमेरा हातांच्या उंचीवर आणि लक्ष्याच्या रेषेत ठेवा. तिरका धरला तर क्लबचा मार्ग भलताच दिसतो आणि नसलेली चूक दुरुस्त करायला लागता.

कोर्सवर ग्रिप बदलू नका, ते रेंजचं काम. आणि ड्रायव्हर (सर्वांत लांब मारणारा क्लब) अगदी शेवटी हातात घ्या. त्याचा नियम आयर्नच्या उलट आहे: चेंडू डाव्या टाचेच्या रेषेत, टी (चेंडू ठेवायची खुंटी) इतकी उंच की निम्मा चेंडू क्लबच्या वर दिसावा, आणि क्लब वर चढता चढता लागावा. आयर्नने गवत चेंडूच्या पुढून निघायला लागलं, की मग ड्रायव्हरचं पाहू.