कॅम्पर ओढायला पेट्रोल की डिझेल?

अमेरिकन व्हिडिओत 'गॅस ट्रक' म्हणतात ते पेट्रोलच हां, सिलिंडरवाली गाडी नव्हे. सपाटीला हलका कॅम्पर (गाडीमागे जोडायची चाकांवरची खोली) कुठलीही दणकट गाडी ओढते, खरी परीक्षा चोर्ला नाहीतर अनमोड घाटात, तिथे इंजिन हळू फिरतानाही (कमी आरपीएमला) टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद लागते आणि ती डिझेलकडे असते, टोयोटाच्या हायलक्स ऑटोमॅटिक पिकअपला तर 500 न्यूटन मीटर आहे. पण वर्षातून दोनदाच कॅम्पर काढणार आणि बाकी वेळ गाडी म्हापशाच्या बाजारापुरतीच फिरवणार तर बीएस6 डिझेलचा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) चोंदतो, मग पेट्रोल बरं. गाडीच्या मॅन्युअलमधली टोइंगची, म्हणजे किती वजन ओढता येईल त्याची मर्यादा बघाच, कॅम्परचं वजन पाणी-सामान भरून धरा, त्यातला साधारण 10 ते 15 टक्के भार हुकावर यायला हवा. उतरताना मात्र दोन्हीत खालचा गियर, नुसत्या ब्रेकवर राहू नका.